खिंड कुठे अडवायची?

२००० सालच्या फेब्रुवारीनंतर देशातल्या कुठल्याही पंपावर शिसेयुक्त पेट्रोल मिळेनासे झाले. १९९४ मध्ये चार महानगरांत पेट्रोलमधले शिशाचे प्रमाण उतरवले गेले, पुढच्या वर्षी तिथे नव्या गाड्यांसाठी बिनशिशाचे पेट्रोल आले आणि मग हळूहळू ते देशभर पोहोचले. पंपावर रांगेत उभ्या असलेल्या स्कूटरवाल्याला यातले फारसे काही कळले नाही. त्याला कुणी शपथ दिली नाही, त्याच्या मुलीला शाळेत घोषवाक्य स्पर्धेत भाग घ्यावा लागला नाही, चौकात पथकाने त्याची टाकी उघडून पाहिली नाही. तेलशुद्धीकरण कारखान्यांत एक पदार्थ मिसळणे थांबले आणि सगळ्यांच्या हवेतून एक जहर कमी झाले.

आता २३ जून २०१८ आठवा. त्या दिवशी महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली. भाजीच्या टोपलीखाली हात घालून झबला पिशव्या शोधणारी पथके, पहिल्या वेळी ५ हजार रुपये दंड, दुसऱ्या वेळी १० हजार, तिसऱ्या वेळी २५ हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. दिवसाकाठी चार-पाचशे रुपये सुटणाऱ्या बाईच्या हातात ५ हजारांची पावती. पहिले काही आठवडे सगळीकडे धास्ती होती; लोक डबे घेऊन मटणाच्या दुकानात उभे राहिले. आज मंडईत कोथिंबिरीची जुडी कशात घालून मिळते ते सांगायला नको.

विषारी रसायने आणि प्लास्टिक यांपासून लोकांना वाचवण्याचे गेल्या तीसेक वर्षांतले प्रयत्न पाहिले की हे दोन नमुने आलटून पालटून भेटतात. प्रत्येक विषाच्या वाटेवर कुठेतरी एक खिंड असते. सगळा माल तिथून जातो आणि तिथे मोजकेच कारखाने, मोजकेच व्यापारी असतात. तिथे उभे राहिले तर थोडक्या बळावर खूप अडवता येते. माल खिंड ओलांडून मैदानात उतरला की मग कोट्यवधी हातांमागे धावणे आले. आपले बहुतेक कायदे मैदानात धावतात. ‘काळजी घ्या’ हे त्यांचे मुख्य वाक्य, आणि ते ज्याच्या हातात सर्वांत कमी पर्याय आहेत त्याला सांगितले जाते.

प्लास्टिकचेच घ्या. झबला पिशवी बनते पॉलिथिनच्या दाण्यापासून. दाणा बनवणारे पेट्रोकेमिकल कारखाने देशात बोटांवर मोजण्याइतके. दाण्याची फिल्म ओढून पिशव्या कापणारे हजारो. त्यातले कितीतरी एखाद्या गाळ्यात दोन मशिनवर चालणारे, कुठल्याच वहीत नोंद नसलेले. मग घाऊक व्यापारी, मग लाखो दुकानदार आणि फेरीवाले, आणि शेवटी पिशवी हातात लटकवून घरी जाणारे आपण. कायदा या साखळीत जसजसा खाली येतो तसतसा त्याचा आवाज चढतो. गाळ्यातली मशीन बंद पाडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. दाण्याच्या कारखान्याला पिशवीच्या दाण्याचा हिशेब विचारल्याची बातमी मात्र माझ्या वाचनात नाही.

मुंबईला २६ जुलै २००५ च्या पुरानंतर पिशव्यांनी तुंबलेली गटारे दिसली आणि राज्यात पातळ पिशव्यांवर बंदी आली. पुढे केंद्राने जाडीचा खेळ मांडला. २०११ मध्ये किमान ४० मायक्रॉन, २०१६ मध्ये ५०, सप्टेंबर २०२१ पासून ७५, डिसेंबर २०२२ च्या अखेरीपासून १२०. जाड पिशवी महाग पडते म्हणून कमी वाटली जाते आणि कचरावेचक ती उचलतो, हा त्यामागचा हिशेब चुकीचा नाही. पण मायक्रॉन मोजायला यंत्र लागते. ते पथकाकडे असले तर असते, भाजीवालीकडे नसतेच. तिला पिशवी विकणारा ‘चालते, घ्या’ म्हणतो आणि ती घेते.

१ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरून फेकायच्या काही वस्तूंवर बंदी आली: स्ट्रॉ, प्लास्टिकचे चमचे-ताटल्या, कान साफ करायच्या काड्या, फुग्यांच्या काड्या, सजावटीचा थर्माकोल. यादी वाचून असे वाटते, की ती करताना कुणाचा धंदा मोठा आणि कुणाचा लहान हे आधी पाहिले असावे. वेफर्सची चकाकती पाकिटे आणि शाम्पूच्या पुड्या या यादीत नाहीत. अनेक थरांच्या त्या पाकिटात प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियम असे एकमेकांना चिकटलेले असतात, की भंगारवालाही त्यांना हात लावत नाही. त्यांच्यासाठी ‘उत्पादकाची विस्तारित जबाबदारी’ नावाची व्यवस्था आहे. कंपनीने जितके प्लास्टिक बाजारात सोडले तितके गोळा करून त्यावर प्रक्रिया झाल्याचे प्रमाणपत्र दाखवायचे, आणि ही प्रमाणपत्रे पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडून विकत मिळतात. २०२२ मध्ये नियम आले, आणि वर्ष-दीड वर्षातच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटक इथल्या चार कारखान्यांनी मिळून सहा लाख बनावट प्रमाणपत्रे काढल्याचे उघड झाले. प्रक्रिया कागदावर झाली, पाकिटे नाल्यात राहिली.

पुण्यातल्या कचरावेचक बायकांनी हे दुखणे अधिकाऱ्यांच्या आधी ओळखले होते. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या या बायका घरोघरचा कचरा हाताने वेगळा करतात. वापरलेले सॅनिटरी पॅड उघडेच त्यांच्या हाती पडत. २०१३ मध्ये त्यांनी ते पिशव्यांत भरले आणि बनवणाऱ्या कंपन्यांच्या कार्यालयांत नेऊन पोहोचवले. उत्पादकाची जबाबदारी म्हणजे काय, हे इतके स्पष्ट कुठल्याही राजपत्रात छापलेले नाही.

कचरा किती हेच आपल्याला नीट ठाऊक नाही. केंद्रीय मंडळाचा २०२०-२१ चा आकडा आहे वर्षाला ४१ लाख टन प्लास्टिक कचरा. ‘नेचर’ या नियतकालिकात २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी हिशेब मांडला, की भारतात वर्षाला ९३ लाख टन प्लास्टिक उघड्यावर पडते किंवा जळते. जगातल्या अशा प्लास्टिकचा हा सुमारे पाचवा भाग, आणि कुठल्याही देशापेक्षा जास्त. म्हणजे सरकारी हिशेबात जितका कचरा तयार होतो, त्याच्या दुपटीहून अधिक वाऱ्यावर जातो. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. संशोधकांचे स्पष्टीकरण असे, की सरकारी मोजणीत खेडी येत नाहीत, न उचललेला आणि जागेवर जाळलेला कचरा येत नाही. आपल्या कुठल्याही गावाच्या वेशीवर संध्याकाळी उभे राहिले तर यावर विश्वास ठेवायला फार वेळ लागत नाही.

जाळणे हा या विषयातला सर्वांत कमी चर्चेचा आणि माझ्या मते सर्वांत घातक भाग. लीड्सच्या हिशेबात ९३ पैकी ५८ लाख टन जळते. पीव्हीसी किंवा क्लोरीन असलेला कचरा कमी तापमानाला धुमसला की डायॉक्सिन ही विषारी रसायने तयार होतात. ती चरबीत साठतात आणि शरीरातून निघायला वर्षे लागतात. जानेवारी २०१६ च्या अखेरीस मुंबईत देवनारचे डम्पिंग ग्राउंड पेटले तेव्हा धुराचा लोट उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला आणि पालिकेला शाळा बंद ठेवाव्या लागल्या. रोज पहाटे पाल्यापाचोळ्याबरोबर दहा पिशव्या पेटवणाऱ्या झाडूवाल्याचा धूर मात्र कुठल्याच छायाचित्रात येत नाही. तो पहिल्यांदा त्याच्याच छातीत जातो.

बंदीनंतर पिशवीच्या जागी काय आले, हेही पाहायला हवे. वडापाव पुन्हा वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधला जाऊ लागला. गरम तेलकट वड्याला शाई चिकटते आणि छपाईच्या शाईत शिशासारखे जड धातू असू शकतात. म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी अन्न वर्तमानपत्रात बांधायला मनाई केली. नियम आहे, वडापावही त्याच कागदात आहे. प्लास्टिकच्या कपाच्या जागी टपऱ्यांवर कागदी कप आला. पण कागदात चहा टिकत नाही, म्हणून कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीने २०२० मध्ये दाखवले, की अशा कपात १०० मिलिलिटर गरम पेय १५ मिनिटे राहिले तर सुमारे २५ हजार सूक्ष्म प्लास्टिक कण त्यात उतरतात. कटिंग संपायला १५ मिनिटे लागत नाहीत, हे खरे. तरी काचेच्या ग्लासात चहा देणारा टपरीवाला सापडला तर त्याला सोडू नका.

हे कण पोटात गेल्याने नक्की काय होते? इथे बातम्या आणि विज्ञान यांच्यात बरेच अंतर आहे. २०२२ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांना २२ पैकी १७ रक्तदात्यांच्या रक्तात प्लास्टिक सापडले. २०२४ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी मानेतल्या धमनीतून शस्त्रक्रियेने काढलेला चरबीचा थर तपासला. ज्या २५७ रुग्णांचा पुढे पाठपुरावा झाला त्यांपैकी निम्म्याहून अधिकांच्या थरात पॉलिथिनचे कण होते, आणि अशा रुग्णांत पुढे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका इतरांच्या साडेचार पट दिसला. यावरून प्लास्टिकनेच झटका आला असे सिद्ध होत नाही. ज्यांच्या शरीरात कण जास्त त्यांच्या राहणीत आणखी काही वेगळे असू शकते. पण सिद्ध होईपर्यंत थांबा, असे म्हणणाऱ्यांनी शिशाचा इतिहास वाचावा. तिथेही तेच सांगितले गेले होते, आणि तेवढ्यात दोन पिढ्या वाढल्या.

शिवाय प्लास्टिक म्हणजे नुसता पॉलिमर नव्हे. ते मऊ करायला, रंगवायला, उन्हात टिकवायला, पेट घेऊ नये म्हणून त्यात काही ना काही घातलेले असते. २०२४ च्या ‘प्लास्टकेम’ अहवालाने प्लास्टिकमध्ये वापरलेली किंवा आढळलेली १६ हजारांवर रसायने नोंदवली. त्यांतली ४,२०० हून अधिक घातक गुणांची. आंतरराष्ट्रीय करारांच्या कक्षेत त्यातली अगदी थोडी येतात. दुकानात उभे राहून डब्याच्या तळाचा त्रिकोण वाचून यातली कुठली रसायने आत आहेत हे कुणालाही कळत नाही, लेबल वाचायची कितीही सवय असली तरी.

लेबल वाचण्याचा खरा अर्थ कळतो यवतमाळला. २०१७ च्या पावसाळ्यानंतर तिथे कपाशी माणसाच्या उंचीची झाली होती, बोंडअळीने शेतकरी धास्तावला होता आणि कृषी केंद्रवाला सांगेल ती दोन-तीन औषधे एकत्र करून फवारणी चालू होती. पाठीवर पंप, तोंडाला फार तर रुमाल, आणि समोरच्या झाडावर मारलेला फवारा दमट हवेत परत तोंडावर. जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांवर उपचार झाले; यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात डोळ्यांची दृष्टी अंधारलेल्या, बेडवर बांधून ठेवावे लागलेल्या रुग्णांच्या रांगा लागल्या. चौकशी झाली. मग हातमोजे, चष्मा, मास्क असे संच वाटले गेले आणि फवारणी कशी करावी याचे मेळावे झाले. विदर्भातल्या ऑक्टोबरच्या उन्हात, गुडघाभर चिखलात, प्लास्टिकचा अंगरखा आणि मास्क घालून दिवसभर फवारून दाखवा असे मेळाव्यातल्या अधिकाऱ्याला कुणी म्हटले नसावे.

त्या वेळी चर्चेत आलेल्या औषधांपैकी एक मोनोक्रोटोफॉस. त्याच्या डब्यावर लाल त्रिकोण असायचा, म्हणजे सर्वांत जहाल वर्ग. २००५ पासून भाजीपाल्यावर ते वापरायला बंदी होती, कपाशीवर परवानगी. डबा एकच, दुकान एकच, शेतकरी एकच. भाजीवर मारायचे नाही हे लक्षात ठेवायचे त्याने. १६ जुलै २०१३ ला बिहारमधल्या सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले गेली. तेलात हेच औषध मिसळले होते. त्यानंतरही दहा वर्षे ते बाजारात राहिले. त्याच्या नेहमीच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा केंद्राचा आदेश निघाला २०२३ मध्ये.

श्रीलंकेने मोनोक्रोटोफॉस १९९५ मध्येच बंद केले होते. पाठोपाठ एंडोसल्फान, मग पॅराक्वाट आणि इतर काही. तिथला मुख्य प्रश्न फवारणीतल्या विषबाधेपेक्षा आत्महत्यांचा होता. रागाच्या भरात घरातला डबा तोंडाला लावलेला माणूस वाचायचा नाही. जहाल औषधे एकामागून एक काढून घेतली तसा देशातला आत्महत्यांचा दर वीस वर्षांत सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला. माणसांची दुःखे तेवढीच राहिली असतील, पण मरणाचे साधन हाताशी उरले नाही. भाताचे पीकही बुडाले नाही. हा अनुभव आपल्यापासून पाल्कच्या सामुद्रधुनीपलीकडे, अगदी लागून आहे, आणि तरी आपल्याकडे कीटकनाशकांच्या प्रत्येक यादीवर मसुदा, हरकती, समिती, पुन्हा मसुदा असे चालते. २०२० मध्ये २७ औषधांवर बंदीचा मसुदा निघाला होता. अंतिम आदेशात उरली त्यातली मोजकीच.

आता पुन्हा शिशाकडे येतो, कारण खिंड अडवण्याचा सर्वांत अलीकडचा आणि सर्वांत स्वस्त धडा तिथेच आहे. पेट्रोलमधले शिसे गेले तरी शिसे गेले नाही. बेंगळुरूच्या जॉर्ज फाउंडेशनने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सात शहरांच्या तपासणीत निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे निघाले होते. तेव्हा पेट्रोल दोषी होते. पण २०२० मध्ये युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ यांच्या अहवालाने भारतात साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे असल्याचा अंदाज मांडला, तेव्हा शिसेयुक्त पेट्रोल जाऊन वीस वर्षे झाली होती. जुन्या बॅटऱ्या फोडून उघड्यावर शिसे वितळवणाऱ्या भट्ट्या, भिंतींचे रंग, काही भांडी आणि काही मसाले ही आताची वाट. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे नको असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. मोठ्या कंपन्यांनी तो पाळला, छोट्यांचे रंग तपासले की अजून त्यात शिसे सापडते.

मसाल्यांत हळद. हळकुंडाचा भाव रंगावर आणि झिलईवर ठरतो, हे सांगलीच्या किंवा वसमतच्या बाजारात वाढलेल्याला सांगायला नको. हळकुंडे पिंपात घालून फिरवतात, साल घासली जाते आणि पिवळी चकाकी येते. बांगलादेशात ऐंशीच्या दशकात पुराने भिजून हळद काळवंडली तेव्हा काहींनी या पॉलिशच्या वेळी लेड क्रोमेट टाकायला सुरुवात केली. हा खरे तर रंगकामाचा पिवळा. त्यात शिसेही आहे आणि क्रोमियमही. तीसहून अधिक वर्षे ते चालू राहिले. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्यातल्या संशोधन संस्थेच्या लोकांनी गरोदर बायकांच्या रक्तातल्या शिशाचा माग काढत काढत २०१९ मध्ये हळदीपर्यंत येऊन पुरावा मांडला. पुढचे मात्र झपाट्याने झाले. सरकारने ढाक्याच्या श्यामबाजार या घाऊक पेठेत हातात धरायचे क्ष-किरण यंत्र घेऊन छापा घातला, दोन व्यापाऱ्यांना जागेवर दंड केला, त्याची बातमी दूरचित्रवाणीवर दाखवली आणि बाजारोबाजारी पत्रके लावली. २०१९ मध्ये तपासलेल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे होते. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात नव्हते. पॉलिश गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातले शिसेही उतरले.

हळद पिकवणारे लाखो आणि खाणारे कोट्यवधी. पण पॉलिश करणारे थोडे आणि घाऊक पेठा त्याहून थोड्या. तिथे एक यंत्र आणि दोन दंड पुरले. ‘हळद घेताना रंगाकडे पाहू नका’ अशी गृहिणींना सांगणारी मोहीम काढली असती, तर अजून चालू असती.

प्रत्येक विषाची खिंड इतकी उघडी नसते. बॅटऱ्यांच्या भट्ट्या खेडोपाडी विखुरलेल्या आहेत, आणि इन्व्हर्टर, ई-रिक्षा वाढल्या तसे त्यांचे काम वाढले आहे. इथे बंदी उपयोगाची नाही; जुनी बॅटरी देणाऱ्याला नव्या बॅटरीच्या किमतीत भरपूर सूट मिळाली, तर ती भट्टीवाल्याकडे जाण्याआधी दुकानदाराकडे परत जाते. तीही एक खिंडच, फक्त पोलिसाऐवजी पैशाने अडवायची.

काही वेळा मात्र खिंड आपण हातांनी उघडतो. इटलीच्या वेनेतो प्रांतात त्रिसिनो इथे मितेनी नावाचा कारखाना पीएफएएस या वर्गातली रसायने बनवत असे. कार्बन आणि फ्लोरिन यांचा त्यातला बंध इतका घट्ट, की निसर्गात तो तुटता तुटत नाही. म्हणून त्यांना कायमची रसायने म्हणतात. डाग न पडणारे कापड, तेल न शोषणारा कागद, न चिकटणारी भांडी यांच्यामागे हा वर्ग असतो. कारखान्याने भूजल नासवले, सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पाण्यात ही रसायने उतरली. आपल्या मुलांच्या रक्ताच्या तपासणीचे आकडे हातात घेऊन तिथल्या आया रस्त्यावर आल्या. २०१८ मध्ये कारखाना दिवाळखोरीत निघाला आणि जून २०२५ मध्ये विचेन्सा इथल्या न्यायालयाने ११ अधिकाऱ्यांना मिळून १४१ वर्षांची शिक्षा ठोठावली. त्याच कारखान्याची यंत्रसामग्री २०१९ मध्ये लिलावात एका भारतीय रसायन कंपनीच्या उपकंपनीने घेतली. ती येऊन उभी राहिली आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यातल्या लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत.

लोट्याच्या खाली दाभोळची खाडी आहे. मासे मरून किनाऱ्याला लागल्याच्या तक्रारी तिथले भोई समाजाचे मच्छीमार वर्षानुवर्षे करत आले आहेत. नमुने घेतले जातात, अहवाल येतात, सामूहिक सांडपाणी केंद्राची क्षमता वाढवण्याचे आश्वासन मिळते. त्याच वसाहतीत पीएफएएसच्या कारखान्याची यंत्रे येतात आणि पिण्याच्या पाण्यात पीएफएएस किती चालेल याची बंधनकारक मर्यादा आपल्या देशात नाही. मर्यादा नाही म्हणजे उल्लंघनही नाही. नव्या कारखान्याने सगळे नीट केले असेलही. ते नीट झाले की नाही हे ठरवायला मोजपट्टीच नाही, ही माझी हरकत आहे.

हे पहिल्यांदा घडले नाही. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाउनचा पाऱ्याच्या थर्मामीटरचा कारखाना ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला उचलून तमिळनाडूतल्या कोडाईकनालला आणला गेला. पुढे तो हिंदुस्तान लिव्हरकडे आला. २००१ मध्ये गावातल्या भंगारवाल्याच्या आवारात पारा लागलेल्या फुटक्या काचेचा साडेसात टनांच्या आसपासचा ढीग सापडला आणि कारखाना बंद पडला. ५९१ माजी कामगारांशी कंपनीने तडजोड केली ती २०१६ मध्ये. जुनी यंत्रे जिथे नियम सैल तिथे येतात, यात आश्चर्य नाही. आश्चर्य याचे, की दुसऱ्या वेळीही दारावर कुणी विचारले नाही.

दारावर विचारायला कायदा लागतो. आपला पर्यावरण संरक्षण कायदा भोपाळच्या वायुगळतीनंतर दीड वर्षात, १९८६ ला आला आणि त्या रात्रीची छाप त्याच्या नियमांवर राहिली: गळती, स्फोट, आग. अचानक घडणाऱ्या गोष्टी त्याला दिसतात. वीस वर्षे थेंबथेंब पाण्यात उतरणारे रसायन दिसत नाही. युरोपात २००७ पासून ‘रीच’ हा कायदा आहे. रसायन विकायचे असेल तर त्याची माहिती आधी कंपनीने द्यायची, निर्दोषपणाचा पुरावाही तिनेच. भारतात तसा सर्वसमावेशक कायदा नाही. रसायनांच्या नोंदणीच्या नियमांचा मसुदा २०२० पासून फिरतो आहे. दरम्यान २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण कायद्यातली कैद काढून दंड ठेवला, १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत. मोठ्या कारखान्याला १५ लाख म्हणजे काय? आणि लक्षात ठेवा, पिशवीबद्दल तिसऱ्यांदा पकडलेल्या फेरीवाल्याला राज्याच्या नियमांत तीन महिन्यांची कैद आहेच.

जगाच्या पातळीवर प्लास्टिकची खिंड कोणती यावरच भांडण अडले आहे. मार्च २०२२ मध्ये नैरोबीत देशांनी बंधनकारक करार करायचे ठरवले. शंभरहून अधिक देश म्हणतात, नव्या प्लास्टिकच्या उत्पादनालाच मर्यादा घाला. तेल आणि वायू विकणारे देश म्हणतात, कचऱ्याचे बोला, उत्पादनाचे नको. बुसानची नोव्हेंबर-डिसेंबर २०२४ ची फेरी निष्फळ गेली, ऑगस्ट २०२५ ची जिनिव्हाची फेरीही. भारत उत्पादनाच्या मर्यादेच्या विरोधात उभा राहिला. आपला दरडोई वापर अमेरिकेच्या कितीतरी कमी, लाखो लघुउद्योग यावर जगतात, मग आम्हीच का थांबावे, हा युक्तिवाद पोकळ नाही. पण लघुउद्योगाच्या नावाने वाचतो तो मुख्यतः दाण्याचा कारखाना; लघुउद्योजकाला स्टीलचे डबे करायला किंवा काचेच्या बाटल्या धुवून परत भरायला भांडवल दिले तर तो हरकत घेईल असे वाटत नाही. आणि जळणाऱ्या पिशवीचा धूर दरडोई वापर विचारून छातीत शिरत नाही.

पुढची पायरी माझ्या मते मोजणीची. अमेरिकेने सत्तरच्या दशकापासून लोकांच्या रक्ताची नियमित पाहणी ठेवली. १९७६ ते १९८० मध्ये तिथल्या लहान मुलांच्या रक्तात सरासरी १५ मायक्रोग्रॅमच्या आसपास शिसे होते, आज ते एकाच्या खाली आहे. पेट्रोलमधले शिसे घटले तसे रक्तातले घटले, हे त्याच पाहणीच्या आलेखावर दिसले आणि टाळाटाळ करणाऱ्यांचे तोंड बंद झाले. वेनेतोतल्या आयांच्या हातातही असेच आकडे होते. आपल्याकडे अशी देशव्यापी नियमित पाहणी नाही. त्यामुळे रंगाचा नियम लागू झाल्यावर किंवा भट्टी बंद पाडल्यावर मुलांच्या अंगातले शिसे उतरले की नाही, हे कुणीच सांगू शकत नाही. यश आले तरी ते दिसत नाही आणि अपयशाचा जाब विचारता येत नाही.

पालिका आणि जिल्हा परिषदांच्या शाळांत मुलांची उंची-वजने घेतली जातातच. बोटातून रक्ताचा एक थेंब घेऊन काही मिनिटांत शिसे सांगणारे छोटे यंत्र उपलब्ध आहे. सुरुवात लोटे, तारापूर, महाड अशा वसाहतींलगतच्या आणि बॅटरीच्या भट्ट्या असलेल्या गावांतल्या शाळांपासून करता येईल. पुढच्या वेळी मते मागायला कुणी दारात आले, की रस्ता आणि गटाराच्या जोडीला एवढे मागा: आमच्या मुलांच्या रक्तात काय आहे ते मोजा, आणि आकडे शाळेच्या फळ्यावर लावा.